गाडीचं तोंड रस्त्याकडे

या सगळ्या प्रकरणाला शेजारच्या ओव्हरसियरांच्या गाडीचा पुढचा बंपर जबाबदार आहे, असं मास्टर आजही छातीठोकपणे सांगतात. तो बंपर त्या संध्याकाळी चार बोटं मागे उभा असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण तो जागचा हलला नाही, आणि वहिनींची गाडी मात्र रिव्हर्समध्ये नको तेवढी हलली. ओरखडा उठला. मास्टरांनी लगेच टेप काढून मोजला. दोन इंच आणि एक सूत.

मास्टर म्हणजे कटिंग मास्टर. सुटांच्या दुकानात चौतीस वर्षं कापड कापून ते निवृत्त झाले, पण गळ्यातली टेप काही निवृत्त झाली नाही. माणूस समोर आला की आधी त्याची छाती, मग खांदे, मग कंबर आणि उरलाच वेळ तर चेहरा, या क्रमाने मास्टर त्याच्याकडे बघतात. वहिनी म्हणजे त्यांची बायको. अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. सत्तावन्नाव्या वर्षी वहिनींनी गाडी चालवायचा परवाना काढला, तोसुद्धा पहिल्या फटक्यात. मास्टर त्याच परीक्षेला तीनदा बसले होते आणि तिन्ही वेळा परीक्षकाने रोवलेले खांब आडवे करून घरी आले होते. चौथ्यांदा जाणार का, असं कुणी विचारलं तेव्हा आपल्याला त्या विषयात मुळातच रस नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

गाडी लहान, जुनी, दुसऱ्या कुणी वापरून सोडलेली. पण ते पहिले दीड महिने काय सांगावेत! रोज संध्याकाळी वहिनी मास्टरांना शेजारी बसवून गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत घेऊन जायच्या. मास्टर काच खाली करून, कोपर बाहेर काढून ऐटीत बसायचे, आणि वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की जणू गाडी आपल्याच जिवावर चाललीय अशी मान हलवायचे. वहिनी समोर बघून मजेत गाडी हाकायच्या. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण बायको इतकी खुशीत मास्टरांनी कधी पाहिली नव्हती.

आणि मग तो बंपर. ओव्हरसियर स्वतः तसे सभ्य गृहस्थ. "काही नाही हो वहिनी, चालायचंच," असं म्हणाले, घरात गेले आणि भिंग घेऊन बाहेर आले. रात्रीच्या जेवणापर्यंत गल्लीतल्या अकराच्या अकरा घरांनी तो ओरखडा भिंगातून बघितला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी गाडीवर कव्हर घातलं, त्याच्या दोऱ्या घट्ट बांधल्या आणि म्हणाल्या, "अहो, विकून टाका ती. गल्लीत जागा म्हणजे दोन गाड्यांच्या मधे उलटी घालायची. माझ्याच्याने नाही व्हायचं."

चिडून म्हणाल्या असत्या तर मास्टरांनी मनावर घेतलं नसतं. पण त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. बायकोने स्वतःच्या हिमतीने मिळवलेली एवढी एक गोष्ट कव्हरखाली जाऊन बसावी, हे त्यांना बघवेना. तीन दिवस त्यांनी विचार केला, चौथ्या दिवशी हातात खडू घेतला आणि अंगणात उतरले.

"अगं, बाहेर ये," त्यांनी हाक मारली. "आपण अंगणातच पार्किंग करू. फाटक रुंद करायचं, सिमेंटचा कोबा घालायचा. गल्लीतून वळलीस की समोरून सरळ आत. रिव्हर्सचं नावच नको."

"आणि बाहेर काढताना?" वहिनींनी विचारलं.

हा मुद्दा मास्टरांच्या लक्षात आला नव्हता, पण चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना तोंड दिलेला माणूस असा गडबडत नाही. "बाहेर काढताना मी रस्त्यात उभा राहीन," ते म्हणाले. "दोन्ही हात पसरून. सगळी वाहतूक थांबवीन."

वहिनी हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीसुद्धा म्हणाल्या नाहीत. मास्टरांच्या हिशेबी हा होकार होता. आठ दिवसांत काम संपेल, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्याच दुपारी गवंडी आला. गवंडी फार गोड माणूस. त्याला काहीही विचारलं तरी तो "होऊन जाईल" म्हणतो. पाऊस आला तर? होऊन जाईल. सिमेंट कमी पडलं तर? होऊन जाईल. मास्टरांनी वाकून, गुडघ्यावर बसून, जमिनीवर खडूने सुरेख रेषा मारल्या. उभ्या रेषा, आडव्या रेषा, फाटकाशी हलकी गोलाई, अगदी कोटाच्या बाहीची मुंढ्याशी, खांद्याच्या जोडापाशी, असते तशी. गवंड्याने असं मार्किंग जन्मात पाहिलं नव्हतं. तो चपला काढून रेषांच्या बाहेर उभा राहिला.

तेवढ्यात फाटकाशी ओव्हरसियर उगवले. छाती चव्वेचाळीस, आणि त्यातले निदान चार इंच निव्वळ अभिमानाचे. रस्ते खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे जगातल्या सर्व सपाट गोष्टींबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे, असं त्यांचं मत होतं.

"परवानगी काढलीत?" त्यांनी विचारलं.

"अंगण माझं, सिमेंट माझं. परवानगी कुणाची?"

"आणि फुटपाथ?" ओव्हरसियर मंद हसले. "फाटक आणि रस्ता यांच्यामधे सहा फूट फुटपाथ आहे मास्टर. तो पालिकेचा. तुमची गाडी तो ओलांडणार, की वरून उडी मारणार? शिवाय घरापुढे किती जागेवर कोबा घालायचा, किती मोकळी ठेवायची, शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती लांब, याची नियमावली आहे. चौतीस पानं."

"तुमच्याकडे आहे?"

"पाठ आहे," ओव्हरसियर म्हणाले. "पण तुम्ही रीतसर खिडकी क्रमांक चारला जा. मी सांगितलं तर पक्षपात होईल."

नियमावली त्यांना पाठ होती हे खरं नव्हतं, हे पुढे कळलंच. पण त्या वेळी मास्टरांवर दडपण आलं. "तोवर हात लावू नकोस," असं गवंड्याला बजावून ते पालिकेत गेले.

खिडकी क्रमांक चारच्या मागे एक बाई बसत. चष्मा साखळीला, छाती छत्तीस, डावा खांदा किंचित उतरता. फायली काखेत धरून धरून तो तसा झाला असावा. स्वभावाने चांगल्या होत्या. "काका," त्यांनी विचारलं, "तुम्हाला प्रवेशमार्ग हवा आहे की वाहनथांबा?"

"मला गाडी ठेवायची आहे."

"हो, पण फुटपाथवरून आत येण्याची वाट म्हणजे प्रवेशमार्ग. आत गाडी उभी राहते तो वाहनथांबा. दोन अर्ज, दोन रंगांचे. वाहनथांबा मंजूर झाल्याशिवाय प्रवेशमार्ग मिळत नाही."

"आणि प्रवेशमार्ग नसेल तर वाहनथांबा?"

"तो कशाला देतील? गाडी आत येणार कुठून?" बाई म्हणाल्या. मग मास्टरांचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "तुम्ही असं करा, दोन्ही एकदम द्या. मी एकमेकांना टाचून ठेवते. सोबत नकाशा आणा. मापं घालून, प्रमाण लिहून."

नकाशा म्हटल्यावर मास्टरांच्या जिवात जीव आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या हुकमाची गोष्ट मागितली होती. घरी येऊन त्यांनी खाकी कागदाचा गठ्ठा बाहेर काढला. दोन दिवस बाहेरची खोली कागदाखाली. वहिनींना स्वयंपाकघरात जायला भिंतीला चिकटून जावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्टर खांद्यावर एक लांबलचक गुंडाळी टाकून बसमध्ये चढले. त्या गुंडाळीने दोघांच्या टोप्या पाडल्या. तिसऱ्या एका माणसाने मास्टरांना जाजमाचे व्यापारी समजून घरचा पत्ता दिला.

खिडकी चारपाशी येऊन मास्टरांनी विचारलं, "जरा या खुर्च्या बाजूला घेता का?"

आणि त्यांनी नकाशा उलगडला. तो उलगडतच गेला. खिडकी चारपासून सुरू झाला, खिडकी सहाला वळसा घालून पाण्याच्या पिंपापाशी थांबला. आवक-जावकचे कारकून पाय वर घेऊन बसले.

"काका," खिडकीतल्या बाई उठून उभ्या राहिल्या, "प्रमाण काय धरलंत?"

"एकास एक," मास्टर म्हणाले.

चौतीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं. माणसाचा कोट कुणी बोटाएवढा कापत नाही. कागदावर पूर्ण मापाचा कापायचा, तो कापडावर ठेवायचा आणि कात्री लावायची. दुसरा काही नकाशा असतो ही कल्पनाच त्यांना नव्हती. एक कारकून बिचकत कागदावर उतरला, त्याच्यामागे दुसरा. थोड्या वेळात खिडक्या चार ते आठ यांचा सगळा कर्मचारीवर्ग मास्टरांच्या भावी पार्किंगवर फिरत होता. "प्रशस्त आहे हो," एक जण म्हणाला. बाई स्वतः बाहेर आल्या आणि फाटकापासून भिंतीपर्यंत चालून गेल्या. "अकरा वर्षं मंजुऱ्या देतेय," त्या म्हणाल्या, "पण आपण मंजूर काय करतो ते आज पहिल्यांदा दिसलं."

मास्टर सुखावले. पण तेवढ्यात बाईंनी रुंदी मोजली आणि त्यांची भुवई वर गेली. "काका, तीन मीटरपेक्षा जास्त चालत नाही. हे तीन इंच जास्त आहे."

"ती माया आहे," मास्टर म्हणाले.

"काय आहे?"

"माया. शिलाईच्या आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड जास्तीचं ठेवतात. पुढेमागे माणूस अंगाने सुटला तर उसवून कपडा वाढवता येतो."

"आणि तुमची गाडी अंगाने सुटणार आहे?"

खिडकी सातमधून कुणीतरी खो-खो हसलं. मास्टरांचे कान तापले. हात आपोआप गेला होता, त्याला ते तरी काय करणार? मायेशिवाय त्यांनी आयुष्यात रुमालसुद्धा कापला नव्हता. बाईंनी मात्र हसू दाबलं, लाल पेन्सिलने दोन्ही कडांची माया खोडली आणि सगळं समजावून सांगितलं. रुंदी तीन मीटर, त्यावर एक सूतसुद्धा नाही. आणि सलग कोबा नको. पावसाचं पाणी जमिनीत मुरायला हवं, म्हणून चाकांखाली दोन पट्टे आणि मधे गवत. "हे एवढं पाळा, मी तपासनीस पाठवते," त्या म्हणाल्या. नकाशाची घडी मास्टरांनी सुटासारखी घातली, तरी ती फायलीत मावली नाही. ती कपाटावर ठेवण्यात आली.

मास्टर खुशीत घरी आले, आणि फाटकातच थबकले.

"झालं!" गवंडी हसतमुखाने म्हणाला. त्याच्या हातात थापी होती आणि समोर ओला, गुळगुळीत, सलग कोबा. खडूच्या रेषेला रेष, मायेसकट. "म्हटलं, मास्टर दमून येतील, त्यांना दाखवू."

"अरे, पण हात लावू नको म्हणालो होतो ना!"

"कागद आणायला गेलात म्हणजे कागद येणारच की. म्हटलं, उगाच दिवस कशाला घालवा?"

मास्टरांनी कपाळाला हात लावला. त्याच वेळी ओव्हरसियर पाहणीसाठी आत आले, उतार बरोबर नाही असं सांगायला एक पाऊल पुढे टाकलं आणि घोट्यापर्यंत कोब्यात गेले. ओढून काढताना पाय निघाला, चप्पल राहिली. तीस वर्षं रस्ते खात्यात काढलेला माणूस ओल्या कोब्यात एका पायावर उभा होता. खिडकीतून वहिनी बघत होत्या. मास्टरांना वाटलं, त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. पण खात्रीने सांगता येत नाही.

चार दिवसांनी तपासनीस आले. पन्नाशीचे, छाती अडतीस, बाह्या मनगटाच्या खाली दोन बोटं. असे शर्ट कोण शिवतं, हा विचार मास्टरांनी महत्प्रयासाने बाजूला सारला. तपासनीस अतिशय सरळ मनुष्य होते. त्यांना राग येत नसे आणि दयाही येत नसे. त्यांनी टेप लावली. तीन इंच जास्त. कोब्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि पाच मिनिटं शांतपणे बघत राहिले. पाणीही त्यांच्याकडे बघत राहिलं. मग त्यांचं लक्ष एका खड्ड्याकडे गेलं.

"हे काय?"

"चप्पल," मास्टर म्हणाले. "उजवी. शेजाऱ्यांची."

तपासनीसांनी तेही लिहून घेतलं.

पण अल्टरेशन म्हटलं की मास्टरांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी पुन्हा खडू घेतला, दोन्ही कडांना दीड-दीड इंच आखलं, मधला पट्टा आखला आणि गवंड्याला छिन्नी धरायला लावली. "रेषेच्या आत एक कण गेला तर बघ," ते म्हणाले. "होऊन जाईल," गवंडी म्हणाला. आठ दिवस ठकठक चालली. ओव्हरसियर आपल्या फाटकातून सूचना करत होते, आत मात्र येत नव्हते. शेवटी मधे गवत लागलं, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ निघाल्या, आणि मास्टरांना वाटलं, आता गाडीवरचं कव्हर उतरणार.

तपासनीस परत आले. टेप लावली. तीन मीटर, केसाइतकाही फरक नाही. पाणी ओतलं, ते गवतात गडप झालं. "उत्तम," ते म्हणाले. मास्टरांची छाती दोन इंचांनी वाढली. मग तपासनीसांनी नियमावलीचं शेवटचं पान उघडलं.

"वाहन रस्त्यावर येताना त्याचं तोंड रस्त्याकडे असलं पाहिजे. फुटपाथवरून मागे मागे येता येणार नाही. लोक चालत असतात, मुलं असतात."

"म्हणजे?" मास्टरांनी विचारलं.

"म्हणजे गाडी आत उलटी घालायची आणि बाहेर सरळ काढायची."

मास्टरांच्या पायाखालचा कोबा सरकला. ज्या एका रिव्हर्सपायी त्यांनी कचेरीभर कागद पसरला, छिन्नीची ठकठक सोसली, तो रिव्हर्स शेवटच्या पानावर त्यांची वाट बघत बसला होता.

"गुरुवारी अकरा वाजता येतो," तपासनीस म्हणाले. "घरातल्याच परवानाधारकाने गाडी आत घालून, बाहेर काढून दाखवायची. जमलं की सही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कोबा उखडून अंगण होतं तसं करायचं. पुन्हा अर्ज घेत नाहीत." आणि ते शांतपणे निघून गेले.

मास्टर ताबडतोब ओव्हरसियरांच्या फाटकाशी गेले. "हे शेवटचं पान तुम्हाला पाठ नव्हतं?"

"तेहतीसपर्यंत होतं," ओव्हरसियर खाली बघत म्हणाले. आणि मास्टरांना पहिल्यांदाच त्यांची चव्वेचाळीसची छाती चाळीस दिसली.

वहिनींना सांगायचं कसं? सोमवार गेला, मंगळवार गेला. "झालं का हो तुमचं?" त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मास्टर ठसका लागल्याचं नाटक करून उठून गेले. बुधवारी दुपारी वहिनी आडव्या झाल्या तसे ते पाय न वाजवता बाहेर पडले. कव्हर घातलेल्या गाडीचं माप घेतलं, खाकी कागदावर गाडी कापली, पूर्ण मापाची, आणि कागदावर मोठ्या अक्षरांत एका टोकाला 'पुढे' आणि दुसऱ्या टोकाला 'मागे' असं लिहिलं. कापडावर कागद फिरवून फिरवून कसा बसतो ते बघायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. तशीच ही गाडी फाटकातून आत बसवून बघू, वाट सापडली की ती खडूने आखू, आणि मग वहिनींना म्हणू, अगं, फक्त रेषेवरून ये.

ओव्हरसियर मदतीला धावले. त्यांनाही ओरखडा आता टोचत असावा. मास्टर गुडघ्यांवर रांगत कागदाची गाडी मागे ओढत होते आणि ओव्हरसियर पुढून ढकलत होते. "कट मारा, कट मारा! अहो, डावीकडे!" "तुमचं डावं की गाडीचं?" "फुटपाथचं!" गाडी सुरेख आत जात होती. दरवेळी जात होती. मास्टर तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला लागले होते.

खिडकीतून हसण्याचा आवाज आला. दोघेही जागच्या जागी थिजले. वहिनी गजांना धरून हसत होत्या. हसता हसता खाली बसल्या, दिसेनाशा झाल्या, पुन्हा उठल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या.

"अहो, चाकं कुठायत हिची?"

"कागदाला कशाला चाकं?" मास्टर म्हणाले.

"म्हणून ती आडवी सरकतेय. गाडी अशी आडवी सरकत असती, तर मी यांचा बंपर घासला असता का?"

ओव्हरसियर कागदाखालून हात काढून हळूच घरी निघून गेले. मास्टर कोब्यावर तसेच बसले होते. पँटच्या गुडघ्यांना सिमेंट लागलं होतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी शेवटचं पान सांगितलं, गुरुवार सांगितला, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे हा एवढा खटाटोप मला उलटं यावं लागू नये म्हणून?"

"तू गाडी चालवतेस तेव्हा फार खुशीत असतेस," मास्टर म्हणाले. "मला शेजारी बसून ते बघायला आवडतं. एवढंच."

वहिनींनी कागद उचलला, 'मागे' लिहिलेल्या टोकाकडे बराच वेळ बघितलं आणि नीट घडी घातली. "बघू," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगायचं तर या 'बघू'मधून मास्टरांना काहीच कळलं नाही.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना अख्खी गल्ली रस्त्यावर होती. ओव्हरसियर शिट्टी घेऊन आले होते. गवंडी कुठूनसा आला होता. एकाने आपली गाडी वीस फूट पुढे नेऊन ठेवली, दुसऱ्याने कुंड्या हलवल्या. वहिनी बाहेर आल्या, कव्हरच्या गाठी एक एक करून सोडल्या आणि गाडीत बसल्या. इंजिन सुरू झालं मात्र, बारा तोंडांतून बारा सूचना निघाल्या. घ्या, घ्या! थांबा! पूर्ण फिरवा! आरशात बघा! आरशात नको, मागे बघा! ओव्हरसियरांनी शिट्टी फुंकली. गाडी पुढे आली, जरा मागे गेली आणि फाटकाच्या खांबापासून वीतभर अंतरावर आचका देऊन बंद पडली.

वहिनी दार उघडून खाली उतरल्या. झालं, मास्टरांना वाटलं, संपलं सगळं.

"सगळे आपापल्या घरात जा," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण गवंडीसुद्धा "होऊन जाईल" म्हणाला नाही. "दारं लावून घ्या. शिट्टी आधी आत. साहेबांना थांबावं लागणार, त्यांनी थांबावं. पण बोलायचं नाही."

तपासनीसांनी मान हलवली. फाटकं लागली. मास्टर जागेवरच उभे होते.

"तुम्हीसुद्धा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तर सगळ्यात आधी. तुम्ही श्वास धरलात की मला इथे कळतं."

मास्टर घरात गेले आणि दाराला कान लावून उभे राहिले. इंजिन सुरू झालं. गिअर पडला. हळू, अगदी हळू, चाकाखाली खडा फुटला. थांबली. का थांबली? पुन्हा पुढे गेली वाटतं. म्हणजे चुकलं! नाही, परत मागे येतेय. मास्टरांनी दोन्ही हातांनी गळ्यातली टेप घट्ट धरली. आयुष्यात त्यांनी हजारो कोट न घाबरता कापले होते, आणि आता खांबाला गाडी घासल्याच्या एका आवाजाच्या धास्तीने त्यांचे पाय कापत होते. तो आवाज आला नाही. हँडब्रेक ओढल्याचा करकर आवाज आला आणि इंजिन बंद झालं. टेप उलगडल्याची सळसळ झाली. तपासनीसांचे शब्द ऐकू आले, "ठीक आहे काकू. आता बाहेर काढून दाखवा." इंजिन परत सुरू झालं. फुटपाथ ओलांडताना चाकं दबकली. आणि मग आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, कोपऱ्यावर हॉर्न वाजला आणि काहीच ऐकू येईना.

मास्टर धाडकन दार उघडून बाहेर आले. पार्किंग रिकामं होतं. गल्लीत गाडी नव्हती. तपासनीस कुंपणाच्या भिंतीवर कागद ठेवून सही करत होते.

"डावीकडे जेवढी जागा सुटली, तेवढीच उजवीकडे," ते वर न बघता म्हणाले. "दोनदा मोजली. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा."

मास्टरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते त्यांनी तसंच राहू दिलं. "पण ती आहे कुठे?"

"बाहेर काढून दाखवा म्हणालो. काढली, आणि गेल्या."

"गेली? कुठे?"

"ते नियमात येत नाही," तपासनीस म्हणाले आणि कागद त्यांच्या हातात दिला.

एक एक फाटक किलकिलं होऊ लागलं. ओव्हरसियरांनी आधी रिकाम्या पार्किंगकडे बघितलं, मग मास्टरांच्या डोळ्यांकडे, आणि घाबऱ्याघुबऱ्या ओरडले, "मास्टर! अहो, काय झालं? वहिनी कुठे गेल्या?"

"माहीत नाही!" मास्टर दोन्ही हात वर करून, आनंदाने अकरा घरांना ऐकू जाईल असे ओरडले. "सांगूनसुद्धा गेली नाही!"